भाच्याला औषधाच्या चाचणीत घालायचं का? (एसएमए, डमी सुई आणि आईची सही)

शेवंती

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथली वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याला एसएमए टाइप २ आहे, म्हणजे स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी. पाचव्या गुणसूत्रावरचं एसएमएन१ हे जनुक आई आणि बाप दोघांकडूनही बिघडलेलं आलं, की स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जारज्जूतल्या पेशी एकेक करून मरत जातात. आईबाप मात्र ठणठणीत असतात. साधारण पन्नासात एक माणूस वाहक असतो आणि त्याला जन्मभर त्याचा पत्ता नसतो. आमच्या दोन्ही घरांत असं कुणी कधी ऐकलेलं नाही. त्यामुळे पहिलं वर्ष 'उशिरा चालेल, याचा बापही उशिराच चालला' असं म्हणण्यात गेलं.

तो बसतो, पण बसवावं लागतं. कॅरम खेळतो. टिचकी मारण्याइतका जोर बोटात नाही, म्हणून स्ट्रायकर दोन बोटांनी ढकलतो, आणि कोन असा साधतो की माझे यजमान त्याच्याकडून खरोखर हरतात. जेवताना कोपर ताटाच्या कडेला टेकवतो आणि घास वर नेण्याऐवजी मान खाली आणतो. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. दोन वर्षांपासून कंपनीच्या अनुकंपा योजनेतून त्याला तोंडाने घ्यायचं औषध मिळतं. घसरण मंदावली आहे, थांबलेली नाही. मागच्या दिवाळीत हात कपाळापर्यंत जायचा, आता हनुवटीशी थांबतो.

गेल्या महिन्यात एका मोठ्या शहरातून विचारणा आली. चालू औषधाच्या जोडीला द्यायचं, स्नायूंना बळ देणारं नवं इंजेक्शन आहे. दर चार आठवड्यांनी शिरेतून, वर्षभर. तीन मुलांपैकी दोघांना खरं औषध, एकाला नुसतं सलाईन. कुणाला काय मिळतंय ते आईबापाला कळणार नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नाही.

बहिणीच्या हातात बावीस पानांचं इंग्रजी संमतीपत्र ठेवलं. ती सातवीपासून शिवणकाम करते, इंग्रजी तिला येत नाही. "मी समजावतो, तुम्ही इथे सही करा," असं तिथला माणूस म्हणाला. तिने सही न करता कागद घरी आणले, एवढं बरं केलं. घरी सासरे म्हणतात, "माझ्या नातवाचा उंदीर करू नका." बहीण मला फोनवर म्हणाली, "ताई, माझ्याकडे दुसरं काय आहे सांग."

दुसरा रस्ताच नसताना दिलेल्या होकाराला होकार म्हणायचं का, हा प्रश्न मला रात्री झोपू देत नाही. जाणकारांनी कृपया लिहा.

गोदाकाठ

ताई, सही न करता कागद घरी आणले हे शंभर टक्के योग्य केलं.

मी डॉक्टर नाही, पण आपल्याकडे काय घडलंय ते विसरू नये. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत मुलींना एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची) लस देण्याचा प्रकल्प झाला. त्यातल्या कित्येक आदिवासी मुली आश्रमशाळांत राहणाऱ्या होत्या आणि त्यांच्या फॉर्मवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. काही मुली दगावल्या. त्यांच्या मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. पण २०१० मध्ये प्रकल्प थांबवावा लागला आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने संमतीच्या प्रकारावर कडक ताशेरे ओढले. लस चांगली होती की वाईट हा मुद्दाच वेगळा. मुलीच्या आईला कुणी विचारलं नाही, हा गुन्हा तसाच राहतो.

सासऱ्यांना वेड्यात काढू नका. त्यांच्या भीतीला आधार आहे.

पुनर्वसु

बालरोगतज्ज्ञ आहे, जनुकीय आजारांचा तज्ज्ञ नाही. पण एसएमएची मुलं पाहिली आहेत, आणि या आजाराच्या चाचण्यांचा इतिहास सांगितल्याशिवाय 'उंदीर' या शब्दाला उत्तर देता येणार नाही.

हे जनुक १९९५ मध्ये पॅरिसमध्ये ज्युडिथ मेल्की यांच्या गटाने शोधलं. निसर्गाने एक सोय ठेवली आहे. एसएमएन१ च्या शेजारी एसएमएन२ हे जवळजवळ तसंच जुळं जनुक असतं. एका अक्षराच्या फरकामुळे ते बहुतेक वेळा अर्धवट प्रथिन बनवतं. रविंद्र सिंग यांनी अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात, या जुळ्या जनुकाला अडवणारी जागा दाखवून दिली. ती जागा झाकली की तेच जनुक पुरं प्रथिन बनवू लागतं. नुसिनर्सेन हे औषध नेमकं तेच करतं. ते रक्तातून मेंदू-मज्जारज्जूपर्यंत पोचत नाही, म्हणून पाठीच्या कण्यात सुई घालून द्यावं लागतं.

आता चाचणी. टाइप १ म्हणजे सगळ्यात वाईट प्रकार. बाळ मान धरत नाही, कूस वळत नाही, रडण्याचा आवाजही बारीक होत जातो. २०१४ मध्ये अशा बाळांवर नुसिनर्सेनची मोठी चाचणी सुरू झाली. चिठ्ठी टाकल्यासारखी निवड करून १२२ बाळांची वाटणी झाली: दोन वाटे औषध, एक वाटा डमी. आता तान्ह्या बाळाच्या कण्यात नुसतं पाणी सोडणं कुणालाच पटेना. मग असं ठरलं की डमीच्या वाट्यातल्या बाळांच्या कमरेवर बारीक सुईने फक्त टोचायचं आणि वर तशीच पट्टी लावायची. हे सगळं वेगळ्या खोलीत, आईबापाला बाहेर ठेवून, म्हणजे आत काय झालं ते त्यांना कळू नये. बाळाला बाहेर आणलं की आई पट्टी पाहायची आणि समजायची, झालं.

२०१६ च्या ऑगस्टमध्ये मधला हिशेब जाहीर झाला. औषधाच्या गटातल्या ५१ बाळांपैकी २१ जणांनी मान धरणं, वळणं, बसणं यांत प्रगती केली होती. डमीच्या गटात २७ पैकी शून्य. चाचणी तिथेच थांबवली आणि हयात असलेल्या सगळ्या बाळांना खरं औषध देऊ केलं. शेवटच्या आकड्यांत औषधाच्या ८० बाळांपैकी १३ दगावली होती आणि डमीच्या ४१ पैकी १६. त्याच डिसेंबरात अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली.

भाच्याच्या प्रकारातल्या मुलांवरही अशीच चाचणी झाली. १२६ मुलं, त्यातली ४२ डमीवर. पंधरा महिन्यांत औषधवाल्यांचे हालचालींच्या तपासणीतले गुण सरासरी चारने वाढले आणि डमीवाल्यांचा एक गुण कमी झाला. कागदावर चार गुण किरकोळ दिसतात. पण स्वतःहून कुशीवर वळता येणं हाही त्यातलाच एखादा गुण असतो, आणि त्याचा अर्थ रात्री आईला पाच वेळा उठावं लागत नाही असा होतो.

भाच्याला मिळतं ते तोंडाचं औषधही अशाच चाचण्यांतून आलेलं आहे. कुणाच्या तरी मुलाने ते आधी घेतलं म्हणून आज त्याच्यापर्यंत पोचलं.

अबोली

डॉक्टर, तुम्ही लिहिलेले १६ मी तीनदा वाचले.

माझी मुलगी टाइप १ ची होती. २०१५ मध्ये गेली, सात महिन्यांची होऊन. आम्ही कुठल्याच चाचणीत नव्हतो. अशी चाचणी चालू आहे हेच आम्हाला माहीत नव्हतं. घरात सक्शन मशीन होतं, त्याची घरघर अजून कानात आहे. कफ काढताना ती माझ्याकडे बघत राहायची. या मुलांचे डोळे फार बोलके असतात, सगळं अंग थांबलं तरी डोळे फिरत असतात. ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल.

मला कुणी विचारलं असतं तर मी सही केली असती. बावीस पानं इंग्रजी असोत की चिनी. म्हणून तुमच्या बहिणीचं वाक्य मला परकं वाटत नाही.

पण त्या ४१ बाळांच्या आया माझ्या डोक्यातून जात नाहीत. खोलीबाहेर उभ्या, आत आपल्या बाळाला औषध मिळतंय या आशेवर. त्याआधी वीसेक बाळांना हे औषध दिलं होतं आणि त्यांना फरक पडतोय असं दिसलं होतं, असं मी वाचलंय. मग एवढं कळूनही एक वाटा बाळांना नुसतं टोचून परत पाठवायचं? विज्ञानाच्या दृष्टीने तुमचं बरोबर असेल. मला ते पटलेलं नाही, आणि पटवून घ्यायचंही नाही.

बुचाचं फूल

अबोली, तुम्हाला काय लिहावं सुचत नाही. तरी लिहिते, कारण तुम्ही विचारलेला प्रश्न या क्षेत्रातले लोकही विचारत आले आहेत.

मी ओहायोत राहते, संख्याशास्त्र हे माझं पोटापाण्याचं काम आहे. इथून जवळच, कोलंबसच्या नेशनवाइड चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये, २०१४ मध्येच एसएमएची दुसरी चाचणी सुरू झाली. जेरी मेंडेल यांच्या गटाने विषाणूच्या कवचातून चांगलं जनुक एकदाच शिरेतून दिलं. १५ बाळं. डमी गट नव्हताच. तुलना केली ती आधीच्या नोंदींशी, म्हणजे औषध नसताना अशा बाळांचं काय होत आलंय त्याच्याशी. वीस महिन्यांचं होईपर्यंत कायमच्या श्वासयंत्राशिवाय जगणारी बाळं जुन्या नोंदींत ८ टक्के होती. इथे पंधराच्या पंधरा. जास्त मात्रा मिळालेल्या १२ पैकी ११ आधाराशिवाय बसली. हेच ते पुढे सोळा कोटींचं म्हणून आपल्याकडे गाजलेलं इंजेक्शन.

म्हणजे डमीशिवायही सिद्ध करता येतं. पण कधी? आजाराची वाट अगदी ठरलेली असेल आणि फरक डोंगराएवढा असेल, तेव्हाच. टाइप १ चं तसं आहे. टाइप २ चं नाही. ही मुलं महिनोन्‌महिने आहे तिथेच राहतात, कधी फिजिओने थोडी सुधारतात, वाढीच्या वयात एकदम घसरतात. नव्या औषधाच्या आशेने आईबाप व्यायाम नेटाने करून घेतात आणि मूलही तपासणीच्या दिवशी जिवाच्या आकांताने हात उचलतं. त्यातलं औषधाचं किती आणि त्या आशेचं किती, ते एकट्या गटावरून कळत नाही.

याचा फटका बसलेला आहे. व्हॅल्प्रोइक अ‍ॅसिड हे फिट्सचं जुनं औषध. ते एसएमएन२ कडून जास्त प्रथिन काढून घेतं असं प्रयोगशाळेत दिसलं, आणि सुरुवातीच्या, डमी गट नसलेल्या निरीक्षणांनी आशाही वाढवली. मग २ ते ८ वर्षांच्या, चालू न शकणाऱ्या ६१ मुलांवर डमी गट ठेवून चाचणी झाली, २०१० मध्ये निकाल आला: काही फायदा नाही. वजन मात्र वाढतं, आणि ज्या मुलाला स्वतःचा हात जड आहे त्याला वाढलेलं वजन म्हणजे काय ते सांगायला नको. ती चाचणी झाली नसती तर आजही हजारो मुलं ते औषध गिळत असती. ओलेसोक्झिम या औषधाचंही तसंच, मोठा गाजावाजा झाला आणि २०१८ मध्ये कंपनीने सोडून दिलं.

म्हणून माझं मत: टाइप १ मध्ये डमी सुई टाळता आली असती असं मलाही वाटतं. भाच्याच्या बाबतीत मात्र सलाईनचा गट समर्थनीय आहे, कारण त्याचं चालू औषध कुणी काढून घेत नाहीये. हे लेखी विचारून घ्या.

रानवारा

बुचाचं फूल यांच्या प्रतिसादाला +१. आणि अबोलीताई, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल नमस्कार.

बोरीचा मास्तर

एक शंका. चालू औषध काढून घेणार नाहीत, ठीक. पण ज्यांना ते परवडतच नाही त्यांचं काय? औषध जगात आहे, आपल्या मुलाला मिळत नाही, आणि चाचणीत गेलं तर निदान तपासण्या तरी फुकट होतात. अशा माणसाला 'तुमच्यासाठी दुसरा उपचार नाही' म्हणून डमीवर ठेवणं मला गरिबीचा फायदा घेणं वाटतं. माझ्या शाळेतल्या एका मुलीच्या वडिलांनी या आजारापायी शेत विकलं, म्हणून विचारतोय.

नोंदवही

मास्तर, शंका रास्त आहे. मी सात वर्षं चाचण्यांची समन्वयक म्हणून काम केलं. म्हणजे तोच 'इथे सही करा' म्हणणारा माणूस, फक्त मी तसं म्हणत नसे.

आपल्याकडे २०१९ पासून नवे नियम आहेत. डमी गट असलेल्या चाचणीत ठरलेला नेहमीचा उपचार उपलब्ध असून दिला नाही आणि त्याने मुलाला इजा झाली, तर ती चाचणीमुळे झालेली इजा धरतात आणि भरपाई द्यावी लागते. मात्र 'उपलब्ध' या शब्दात गोम आहे. दुकानात असणं आणि आपल्या खिशाला झेपणं यातली दरी नियम बुजवत नाही. केंद्राच्या दुर्मीळ आजार धोरणात ५० लाखांपर्यंतची मदत आहे आणि मुंबईचं केईएम रुग्णालय त्या धोरणातल्या उपचार केंद्रांपैकी एक आहे. पण जन्मभर घ्यायच्या औषधाला ते किती दिवस पुरणार? २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने रिस्डिप्लाम या तोंडाने घ्यायच्या औषधाची भारतीय प्रत अडवायला नकार दिला आणि नॅटको कंपनीची बाटली १५,९०० रुपयांना आली, तेव्हा लाखांतली गोष्ट हजारांत आली. मास्तर, त्या मुलीच्या वडिलांना हे जरूर सांगा.

आता शेवंतीताई, तुमच्यासाठी.

संमतीपत्र मराठीत मागा. तो तुमचा हक्क आहे, उपकार नाही. नवं औषध आणि लहान मूल म्हटल्यावर संमती घेतानाचं चित्रीकरणही करावं लागतं, आवाजासकट. समजावणारा माणूस कॅमेऱ्यासमोर बसला की बावीस पानं आपोआप नीट समजावतो, हा माझा अनुभव आहे. चाचणी आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) सीटीआरआय या चाचण्यांच्या नोंदणीत आहे का ते पाहा. तिथे कुणालाही मोफत बघता येतं. नोंद नसेल तर पुढे बोलूच नका. एथिक्स कमिटीचा, म्हणजे चाचणी नीतीला धरून आहे का ते पाहणाऱ्या समितीचा, फोन नंबर संमतीपत्रावर छापलेला असतो, तो शोभेसाठी नसतो, फोन करा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वर्ष संपल्यावर काय? औषधाने मुलाला फायदा झाला, दुसरा उपचार नाही, डॉक्टरांनी शिफारस केली आणि एथिक्स कमिटीने मान्य केलं, तर चाचणीनंतरही ते मोफत देण्याची तरतूद नियमांत आहे. सलाईनच्या गटातल्या मुलांना नंतर खरं औषध मिळणार का, किती दिवस, हे तोंडी ऐकू नका. कागदावर कुठल्या पानावर आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगा. मी अशी आई पाहिली आहे, जिच्या मुलाचा हात वर्षभरात सुधारला आणि मग औषध बंद झालं. ती मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आणि प्रवास. सांगली असो की सोलापूर, दर चार आठवड्यांना गाडी, मुक्काम, बुडालेली मजुरी. हे पैसे कोण देणार तेही विचारा. विचारायला लाजू नका.

चाफेकळी

एसएमए टाइप ३, वय ३४, व्हीलचेअर वापरते, बँकेत नोकरी करते.

सगळ्यांचं वाचलं. आईने काय करावं, आजोबांनी काय करावं, डॉक्टरांनी काय करावं, सगळं आलं. मुलाने काय म्हटलं ते कुठेच नाही.

मी अकरा वर्षांची असताना मला एका दवाखान्यात नेलं. 'स्टेम सेल' म्हणून पाठीत सुया दिल्या. पाच वेळा. बाबांनी पीएफ काढला होता. ती चाचणी नव्हतीच. चाचणीत तुमच्याकडून औषधाचे पैसे घेत नाहीत, हे आम्हाला खूप उशिरा कळलं. कुठेही 'प्रायोगिक उपचार आहे, इतके लाख भरा' असं कुणी म्हणालं तर उठून यावं. पण मला आजही सलतात ते पैसे नाहीत. सलतं ते हे की गाडीत बसेपर्यंत मला सांगितलं होतं, आपण मावशीकडे चाललोय. त्यानंतर कित्येक वर्षं मावशीकडे जायचं म्हटलं की माझ्या पोटात गोळा यायचा.

आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत सात वर्षांपुढच्या मुलाची स्वतःची मान्यता घ्यायला सांगितलं आहे. बारापर्यंत तोंडी, पुढे लेखी. तुमचा भाचा नऊचा आहे. जो मुलगा कॅरमचा कोन काढतो त्याला 'तीनपैकी एकाला नुसतं पाणी' हे कळतं. त्याला विचारा. आणि तो नाही म्हणाला तर ते नाही धरा, खाऊ देऊन हो करून घेऊ नका.

शेवंती

चार दिवस लिहिता आलं नाही. सगळ्यांचे मनापासून आभार. नोंदवहीताई, तुम्हाला व्यक्तिगत निरोप केला आहे.

मराठी प्रत मागितली. आधी 'बघतो' म्हणाले, बहिणीने एथिक्स कमिटीचा नंबर मोठ्याने वाचून दाखवल्यावर आठवड्याने देतो म्हणाले. नोंदणी सापडली. चालू औषध बंद करायचं नाही हे नवव्या पानावर आहे. वर्षानंतर सगळ्यांना खरं औषध देणार असंही आहे, पण दोनच वर्षं, आणि 'कंपनीच्या निर्णयाधीन' हे शब्द आहेत. बहिणीने त्याखाली पेन्सिलीने रेघ मारून ठेवली आहे. प्रवासाचं दुसऱ्या वर्गाचं रेल्वे भाडं देतात. व्हीलचेअर घेऊन त्या डब्यात कसं चढायचं ते त्यांनी सांगावं.

सासऱ्यांना अबोलीताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी स्वतःहून म्हणाले, मराठी कागद आला की मला वाचायला द्या, चष्मा काढून ठेवतो.

आणि चाफेकळी, तुमचं वाचून मी शनिवारी सांगलीला गेले. कॅरम बोर्ड पुढ्यात ठेवून आम्ही दोघींनी त्याला सगळं सांगितलं. तीन सोंगट्या ठेवल्या, दोन काळ्या, एक पांढरी. काळी म्हणजे औषध, पांढरी म्हणजे पाणी. तुला कुठली मिळेल ते आम्हालाही कळणार नाही. तो बराच वेळ बघत होता. पहिला प्रश्न अपेक्षित होता, दर महिन्याला टोचणार का. हो म्हटलं. मग त्याने पांढऱ्या सोंगटीवर बोट ठेवून विचारलं, "याला माहीत असेल का, की आपण पांढरी आहोत?"

नाही, म्हटलं. वर्ष संपेपर्यंत कुणालाच नाही.

"मग नंतर सांगतील ना त्याला? सांगायला पाहिजे."

हा प्रश्न आमच्या यादीत नव्हता. बहिणीने तो वहीत सगळ्यात वर लिहिला आहे. पुढच्या मंगळवारी जाणार आहोत. भाचा बरोबर आहे, कुठे चाललोय ते त्याला सांगून.